मेडिव्हल टू: जिंकलेलं शहर चार टर्नमध्ये हातातून का जातं आणि ते टिकवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे की मेडिव्हल टू टोटल वॉर या मध्ययुगीन युद्धाच्या कॉम्प्युटर गेममध्ये स्पेन घेऊन खेळतोयस, मूर लोकांचं (दक्षिणेकडच्या मुस्लिम राज्याचं) कोर्दोबा घेतलंस, लोक खूश राहावेत म्हणून टॅक्स कमी केलास, सगळे नाइट आत बसवलेस, तरी काही टर्नमध्ये (पाळ्यांमध्ये) बंड झालं आणि सैन्य दाराबाहेर. मग क्रुसेड (धर्मयुद्धाची मोहीम) काढून जेरुसलेम घेतलंस तर त्याचीही तीच गत, आणि आता विचारतोयस की जिंकायचं तरी कशाला.

हा गेम २००६ चा आहे आणि २०२२ मध्ये मोबाईलवर आल्यापासून नव्याने खेळणारे खूप झालेत, आणि जवळपास सगळे इथेच अडकतात. लढाई जिंकता येते, एआय तिथे फार हुशार नाही. पण वेढा घालायच्या आधी हे शहर आपल्याला कशासाठी हवंय हे कोणी ठरवतच नाही. पैसे कमवायला हवंय, सैन्य भरती करायला हवंय, की फक्त शत्रूकडे राहू नये म्हणून हवंय? तिन्हींची व्यवस्था वेगळी लागते. कोर्दोबा पहिल्या प्रकारातलं, स्पेनची पुढची सगळी कमाई त्यावर उभी राहू शकते. जेरुसलेम तुझ्यासाठी तिसऱ्या प्रकारातलं आहे, आणि तू दोघांना एकच औषध दिलंस.

आधी एक सवय लावून घे. शहर घेतलं की बांधकामाच्या यादीत घुसायचं नाही, सेटलमेंट डिटेल्सचा स्क्रोल उघडायचा. तिथे पब्लिक ऑर्डरच्या (शहरातल्या शांततेच्या) ओळीत छोटी छोटी चित्रं असतात, एक चित्र म्हणजे ५ टक्के, वर जमेच्या बाजू आणि खाली वजा बाजू. वजा बाजूत बहुतेक वेळा चारच गोष्टी दिसतात: राजधानीपासूनचं अंतर, धर्मावरून असंतोष, स्क्वॉलर म्हणजे गर्दी-घाण, आणि नुसता अनरेस्ट, जो नव्याने जिंकल्यामुळे असतो किंवा शत्रूचा हेर आत बसलाय म्हणून असतो. यातली कुठली ओळ सगळ्यात लांब आहे ते बघ आणि त्याच ओळीवर काम कर. टॅक्स कमी करणं हा सगळ्यांवरचा उतारा नाही, उलट काही ठिकाणी त्यानेच घात होतो, त्यावर खाली बोलतो.

आता तो स्क्रोल, जो शहर पडल्या पडल्या समोर येतो. ऑक्युपाय (नुसता ताबा), सॅक (लूट), एक्स्टर्मिनेट (कत्तल). नवीन माणूस एकतर दयाळूपणे कायम ऑक्युपाय करतो किंवा पैशासाठी कायम सॅक, आणि दोन्ही सवयी चुकीच्या आहेत. पैसे सगळ्यात जास्त सॅकमध्ये, माणसं सगळ्यात जास्त मरतात एक्स्टर्मिनेटमध्ये, ऑक्युपायमध्ये दोन्ही कमी, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण शहराची पातळी भिंतीवर ठरते आणि लोकसंख्या कितीही घसरली तरी ती पातळी खाली येत नाही, हे बरेच जण लक्षात घेत नाहीत. म्हणजे जे शहर आधीच मोठ्या दगडी भिंतीपर्यंत वाढलंय, त्यातले लोक कमी झाले तरी बाजार, बंदर, बॅरेक सगळं तसंच वापरता येतं, नुकसान होतं ते टॅक्सचं, आणि तेही काही काळ. याउलट लाकडी कुंपणाचं छोटं गाव असेल तर पुढची भिंत बांधायला ठरावीक लोकसंख्या लागते, तिथे माणसं मारलीस तर ते गाव कित्येक टर्न तसंच खुरटं राहणार. म्हणून माझा नियम असा की छोटं, वाढायचं गाव नेहमी ऑक्युपाय, आणि मोठं, परधर्माचं, लांबचं, माणसांनी खचाखच भरलेलं शहर असेल तर सॅक किंवा थेट एक्स्टर्मिनेट. लोक कमी झाले की तेवढ्याच गॅरिसनचा (शहरात ठेवलेल्या सैन्याचा) जोर वाढतो, स्क्वॉलर खाली येतं, आणि पुढचे बरेच टर्न शहर गप्प राहतं.

किंमत मात्र आहे. एक तर दुसऱ्या राज्यांमधली तुझी पत घसरते, नंतर तह करायला गेलास की कोणी उभं करत नाही. दुसरं म्हणजे ज्या जनरलने शहर घेतलं त्याच्या स्वभावात ते उतरतं, सोडून देणाऱ्याची शिव्हलरी (सज्जनपणा) वाढते, कत्तल करणाऱ्याची ड्रेड (दहशत). हे दोन्ही एकाच काट्याची दोन टोकं आहेत, त्यामुळे एकाच माणसाने आज कैदी सोडायचे आणि उद्या शहर कापायचं असं केलं तर तो धड इकडचा राहत नाही धड तिकडचा. मी आघाडीवर दोन जनरल ठेवतो, एक सज्जन, एक यमदूत, आणि कुठलं शहर कोणी घ्यायचं ते वेढ्याआधीच ठरलेलं असतं. सज्जन माणूस नंतर गव्हर्नर म्हणून छोट्या वाढत्या गावात बसव, शिव्हलरीने लोकसंख्या वाढायलाही मदत होते. यमदूत मोठ्या चिडलेल्या शहरात, तिथे वाढ नकोच असते, धाक हवा असतो.

आता कोर्दोबा. तिथली मुख्य अडचण अंतर नाही, तुझी राजधानी लिऑन काही फार लांब नाही, अडचण धर्माची आहे. आसपासची बहुतेक जनता मुस्लिम, तू कॅथलिक, त्यामुळे ती ओळ पहिल्या टर्नपासून लालेलाल. याची तयारी शहर घेतल्यावर नाही, घ्यायच्या दहाएक टर्न आधी करायची. लिऑनमध्ये चर्चची इमारत वर नेत राहा, दोन-तीन प्रीस्ट (धर्मगुरू) काढ आणि सरळ मूर लोकांच्या मुलखात नेऊन उभे कर. युद्ध नसतानाही ते तिथे बसून हळूहळू टक्के फिरवत राहतात आणि त्यांची पाएटी (धर्मनिष्ठा) पण वाढते. शहर पडेपर्यंत निदान बऱ्यापैकी वाटा आपला झालेला असतो. शहर पडल्यावर पहिल्याच टर्नला मशीद पाडायची, थोडे फ्लोरिन (गेममधले पैसे) हातात येतात, आणि लगेच छोटं चर्च रांगेत टाकायचं. प्रीस्ट तिथून हलवायचे नाहीत, कारण मूरचे इमाम परत येऊन तेच काम उलट्या दिशेने करतात.

गंमत म्हणजे खऱ्या इतिहासात असं झालं नव्हतं. कास्तीलच्या तिसऱ्या फर्नांदोने १२३६ मध्ये कोर्दोबा घेतलं तेव्हा तिथली मोठी मशीद पाडली नाही, तिचंच कॅथेड्रल केलं, ती आजही उभी आहे आणि लोक बघायला जातात. शहरातले मुस्लिम रहिवासी मात्र निघून गेले आणि उत्तरेतून लोक आणून ते पुन्हा वसवायला लागलं. तोलेदो तर १०८५ मध्ये सहाव्या अल्फोन्सोने घेतलेलं, गेम सुरू होतो १०८० ला आणि तरी ते तुला पहिल्या दिवसापासून फुकटात मिळतं, त्याबद्दल तक्रार कशाला करा.

तुझं सैन्य आत असूनही बंड का झालं, तर गॅरिसनचा परिणाम डोकी मोजून होतो, तलवारी बघून नाही. घोडेस्वारांच्या तुकडीत माणसं पायदळापेक्षा कमी असतात. तू आत बसवलेस सगळे नाइट, म्हणजे पगार सगळ्यात जास्त आणि डोकी सगळ्यात कमी. शहरात स्वस्त मिलिशिया (शहरी शिपाई) भर, अगदी सुरुवातीला पेझंट पण चालतात, आणि नाइट पुढच्या मोहिमेला बाहेर काढ. शहरात ठरावीक संख्येने मिलिशिया तुकड्यांना अपकीप (दर टर्नचा पगार) पडतच नाही, भिंत वाढली की या फुकट जागा पण वाढतात. त्या पूर्ण भरल्या नाहीत तर तू रोज पैसे सांडतोयस. किल्ल्याला ही सोय नाही, हे लक्षात ठेव. आणि याच मालिकेतल्या आधीच्या रोम गेममध्ये भरती केली की लोकसंख्या कमी व्हायची तसं इथे होत नाही, त्यामुळे मिलिशिया त्याच शहरात काढायला काहीच हरकत नाही, तुकड्या उपलब्ध असल्या म्हणजे झालं.

नव्या शहरात शिरलेल्या सैन्यातला जनरल निदान काही टर्न तिथेच ठेवायचा. त्याचा प्रभाव सगळ्यात गरजेच्या वेळी मिळतो. मी मोठं शहर घेतलं की मागून दुसरा फॅमिली मेंबर चालत निघालेलाच असतो, तो पोहोचला की पहिला मोकळा. फॅमिली मेंबर कमी पडतात असं वाटत असेल तर दत्तक घ्यायच्या ऑफर नाकारत जाऊ नकोस, आणि कॅम्पेन सुरू करताना मॅनेज ऑल सेटलमेंट्सची खूण केली नसशील तर गव्हर्नर नसलेली शहरं तुझ्या हातात पूर्ण नसतात, एआय त्याच्या मनाला येईल ते बांधत बसतो. पुढच्या कॅम्पेनला ती खूण करायची, चर्चाच नको.

आता टॅक्स. कमी टॅक्स लावला की त्या टर्नला पब्लिक ऑर्डर वाढते हे खरं, पण त्याबरोबर लोकसंख्या वाढीचा वेगही वाढतो. मोठ्या शहरात लोक वाढले की स्क्वॉलर वाढतं, तेवढीच गॅरिसन तोकडी पडायला लागते, आणि थोड्या टर्ननी तू परत तिथेच, फक्त यावेळी चिडलेली माणसं जास्त आणि खजिना रिकामा. मग अजून टॅक्स कमी करायला जागाच उरलेली नसते. म्हणून पहिले दोन-तीन टर्न कमी ठेव, अनरेस्ट उतरायला वेळ दे, मशीद पाडून चर्च उभं राहू दे, आणि मग पब्लिक ऑर्डर दाखवणारा चेहरा पिवळा टिकेल इतका टॅक्स वर चढवत ने. चेहरा हिरवाच हवा हा हट्ट सोड, पिवळ्यावर शहर वर्षानुवर्षं मजेत चालतं. निळा दिसला की मात्र त्याच टर्नला काहीतरी करायचं, लाल होईपर्यंत थांबायचं नाही. याच कारणासाठी लांबच्या, आधीच मोठ्या शहरात शेतीच्या इमारती वाढवू नकोस. शेतीने आलेले लोक परत कधी जात नाहीत. त्या पैशात टाउन हॉलची रांग वर ने, कायद्याची ओळ वाढते आणि भ्रष्टाचारही थोडा आवरतो, शिवाय मनोरंजनासाठी ब्रॉथेल-इनच्या रांगेचा उपयोग होतो, फक्त गव्हर्नर तिथे फार काळ रिकामा बसवलास तर त्याला नको ती व्यसनं लागतात, त्याचे ट्रेट (स्वभावगुण) अधूनमधून बघत जा.

किल्ला की शहर हा प्रश्न तू विचारला नाहीस पण त्यातच अर्धं उत्तर आहे. एखादा किल्ला जिंकलास आणि आसपास आणखी किल्ले असतील तर त्याला सरळ शहरात कन्व्हर्ट कर. उलटं, म्हणजे शहराचा किल्ला, ते फक्त लहान असतानाच जमतं, शहर मोठं झालं की तो पर्याय बंद. आणि बदल करताना लष्करी इमारती जातात, त्यामुळे चांगली तबेला-बॅरेकवाली जागा मोडण्याआधी दोनदा विचार कर. किल्ल्यात टॅक्स तुला बदलता येत नाही, कमाई कमी, पण बंडाची कटकटही कमी आणि भरती उत्तम. त्यामुळे सीमेवर, परधर्मी मुलखात, जिथून पुढची मोहीम निघणार तिथे एक किल्ला आणि त्याच्या मागे शहरं अशी बसवण मला आवडते. स्पेनसाठी मूर लोकांचा ग्रनाडा हा त्यासाठी आयता आहे, तो किल्लाच ठेव. आफ्रिकेत उतरायचं ठरवलंस तर सैन्य तिथूनच निघेल, तोलेदोहून चालवत आणायला नको.

जेरुसलेमची गोष्ट निराळी. तिथे धर्म आहेच, पण सगळ्यात लांब ओळ अंतराची असणार. राजधानी लिऑन आणि शहर भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे तू चर्चमागून चर्च बांधलीस तरी ती ओळ जागची हलणार नाही. त्यात क्रुसेडमध्ये असेपर्यंत सैन्याला अपकीप पडत नाही आणि शहर घेतल्या क्षणी क्रुसेड संपतो, पगार एकदम सुरू होतात, आणि नेमकं त्याच टर्नला माणूस बघतो की खजिना उणे होतोय, मग घाबरून तुकड्या बरखास्त करतो आणि गॅरिसन गेली. खरा पहिला क्रुसेडही साधारण असाच झाला होता, १०९९ मध्ये शहर घेऊन भीषण कत्तल केली आणि मग बहुतेक लोक घरी निघून गेले, मागे राहिलेल्या मूठभर नाइटांना ते राज्य सांभाळत बसावं लागलं.

तिथे दोनच शहाणे रस्ते आहेत. पहिला म्हणजे खरंच तिकडे राज्य करायचं असेल तर एक शहर घेऊन थांबायचं नाही, दोन-तीन शेजारची ठिकाणं पण घ्यायची, त्यात एक किल्ला पाहिजेच, चांगला गव्हर्नर, प्रीस्टांची टोळी, आणि जेरुसलेमवर दया दाखवायची नाही. राजधानी हलवायचा पर्यायही आहे, सेटलमेंट डिटेल्समधूनच नवं शहर राजधानी करता येतं, पैसे लागत नाहीत. पण जेरुसलेमसाठी राजधानी तिकडे नेलीस तर स्पेनमधली सगळी शहरं अंतराने ओरडायला लागतील, म्हणून मुलूख जिथे जास्त त्याच्या मध्यावर राजधानी हे बरं. तुझ्या बाबतीत कोर्दोबा शांत झालं की राजधानी तिथे ने, किंवा व्हॅलेन्सिया घेतलं असशील तर तिथे. व्हॅलेन्सियात सुरुवातीला एल सिड नावाचा सरदार बंडखोर म्हणून बसलेला असतो आणि तो लवकर हटत नाही, पण जागा फार मोक्याची आहे.

दुसरा रस्ता, आणि मी बहुतेक वेळा हाच घेतो, शहर पोपला देऊन टाकायचं. डिप्लोमॅट पाठव, बोलणीत प्रदेश भेट म्हणून दे. पोपच्या नजरेत तुझी किंमत लगेच वाढते, आणि ती तुला फार कामाची आहे कारण उद्या पोर्तुगाल किंवा फ्रान्सवर हात टाकणार असशील तर तेही कॅथलिक, दोन टर्नमध्ये पोपची ताकीद येते आणि ऐकलं नाहीस तर एक्सकम्युनिकेट, म्हणजे धर्मबहिष्कृत. देण्याआधी सॅकचे पैसे खिशात, न लागणाऱ्या इमारती पाडून त्याचेही पैसे खिशात, आणि सैन्य जहाजात. यात लबाडी आहे का, आहे, पण हा गेम तसाच आहे.

हेरांबद्दल लोक विसरतात. पॅनलमध्ये अनरेस्टची ओळ टर्नमागून टर्न उतरतच नसेल तर समज की मूरचा किंवा इजिप्तचा हेर आत आहे. स्वतःचा एक हेर प्रत्येक सीमेवरच्या शहरात कायमचा बसवून ठेव, तो आत असला की त्यांचे हेर पकडले जायची शक्यता वाढते. वेढ्याच्या वेळी दार उघडायला जो हेर वापरलास तोच तिथे राहू दे, नवीन कशाला. आणि बाहेर एखादा टेहळणी बुरूज २०० फ्लोरिनमध्ये उभा कर, बंडखोरांची टोळी आणि परत येणारं मूर सैन्य दोन्ही आधी दिसतात. तुटलेल्या भिंतीची दुरुस्ती मात्र पहिल्या टर्नलाच, चर्चच्याही आधी, कारण एआयला भगदाड पडलेलं शहर दिसलं की तो दोन टर्नमध्ये हजर होतो.

एक डाव सांगतो जो कोणी पटकन सांगत नाही. एखादं मोठं शहर काही केल्या आवरतच नसेल, तर ते मुद्दाम जाऊ द्यायचं. सैन्य बाहेर काढून शेजारी उभं करायचं, टॅक्स सगळ्यात वर, भरती करायच्या इमारती आधीच पाडून टाकायच्या कारण बंडखोरांना आतून सैन्य मिळतं, आणि बंड झालं की पुढच्या टर्नला वेढा घालून परत घ्यायचं आणि एक्स्टर्मिनेट. बंडखोरांकडून घेतल्यामुळे पोपची कटकट नाही, कारण तू कुठल्या राज्यावर हल्ला केलेला नाहीस. विशेषतः कॅथलिक शेजाऱ्याचं शहर घेतलं असेल आणि ते धुमसत असेल तर हा डाव सोन्यासारखा. फक्त शेजारी दुसऱ्या कोणाचं सैन्य फिरत नाहीये ना ते बघून घे, नाहीतर शहर सोडलंस तू आणि उचललं तिसऱ्यानेच. स्टेनलेस स्टीलसारखे मॉड (चाहत्यांनी बनवलेले गेमचे बदल) लावून खेळत असशील तर धर्म आणि अंतराचे आकडे वेगळे येतात, तिथे आधी एका छोट्या गावावर करून बघ.

तुझ्या आत्ताच्या सेव्हपुरतं सांगायचं तर कोर्दोबा सध्या बंडखोरांकडे आहे हे बरंच झालं. नाइट बाहेर तयार आहेतच, मिलिशियाच्या पाच-सहा तुकड्या लिऑनमधून बोलव, दोन प्रीस्ट शहराजवळ आणून ठेव, आणि मग वेढा घाल. यमदूत जनरलकडून घे, लोकसंख्या बघून सॅक की एक्स्टर्मिनेट ते ठरव, माझ्या मते सॅक पुरेल कारण जेरुसलेमच्या भानगडीत तुझा खजिना रिकामा झालाय आणि तुला आत्ता फ्लोरिनच हवेत. जेरुसलेम तूर्त विसर.